इतिवृत्त वाचून कायम करणे

वर्षाचा हिशेब आमच्या चर्चमध्ये ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी होतो. आभाराच्या मिस्सेनंतर फादर धर्मग्रामाचे आकडे वाचतात: बाप्तिस्मे इतके, लग्नं इतकी, अंत्यविधी इतके. अंत्यविधी बाप्तिस्म्यांपेक्षा जास्त निघाले की मागच्या बाकांवरच्या आज्या पुढच्या बाकांवरच्या नव्या सुनांकडे बघतात. मग ‘ते देउम’ हे आभाराचं लॅटिन स्तोत्र होतं, आणि पोरं जुन्या वर्षाचा म्हातारा जाळायला पळतात.

आमच्या घराचा हिशेब तोवर उरकलेला असतो. नाताळच्या रात्री मिस्सेहून परतल्यावर, फुगे तळून होईपर्यंत जो वेळ मिळतो त्यात. तिथे देवाचे आभार कमी मानले जातात आणि एकमेकांची अब्रू जास्त काढली जाते.

आम्ही वसईचे. पुण्यात नोकरीला लागले तेव्हा नवीन मैत्रिणी विचारायच्या, ‘तुम्ही घरी इंग्लिशमध्येच बोलत असाल ना?’ पोर्तुगीज १५३४ साली वसईत आले, १७३९ साली चिमाजी अप्पांनी त्यांना घालवलं, जाताना ते आडनावं तेवढी ठेवून गेले. आम्ही प्रार्थना मराठीत करतो आणि भांडतोही मराठीत. फुगे म्हणजे काय, हेही त्यांना सांगावं लागलं. मैदा, अंडी, नारळाचं दूध घालून पीठ आंबवायचं, मुठीत धरून अंगठ्याजवळून पिळायचं आणि कढईत सोडायचं. आत पोकळ, बाहेर लालसर. सोबत विंदालू. मुठीतून नीट गोल फुगा पडणं ही आमच्या घरात पदवी समजली जाते. आईला ती मिळाली आहे, काकूला मिळाली आहे, मला अजून नाही.

तर आमच्या या हिशेबाचा अहवाल. तो लिहितात काका. ते सहकारी बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांची सगळी हयात वार्षिक सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं लिहिण्यात गेली. सूचक, अनुमोदक, ‘ठराव सर्वानुमते मंजूर’, ‘ऐनवेळचे विषय अध्यक्षांच्या परवानगीने’ ही भाषा त्यांच्या रक्तातच आहे. लाल पाठीची लांब हिशेबाची वही, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. ‘विषय क्रमांक एक: मागील वर्षाचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ इथूनच पहिला हशा सुरू होतो, कारण मागच्या वर्षीच्या इतिवृत्तावर प्रत्येकाची काही ना काही हरकत बाकी असते.

ही प्रथा इंग्लंडच्या राणीमुळे सुरू झाली, असं काका सांगतात. १९९२चा नोव्हेंबर. एलिझाबेथ राणी गादीवर आली त्याला चाळीस वर्षं झाली म्हणून लंडनच्या गिल्डहॉलमध्ये मेजवानी होती. चारच दिवस आधी विंडसरचा राजवाडा पेटलेला, मुलांचे संसार एकामागून एक मोडलेले. राणीने भर मेजवानीत सांगून टाकलं की हे वर्ष काही सुखाने मागे वळून बघावं असं गेलं नाही, आणि त्याला एक जाडजूड लॅटिन नाव दिलं: ‘आनुस होरिबिलिस’, म्हणजे भयंकर वर्ष. आजोबा लहानपणी लॅटिन मिस्सेत फादरांची सेवा करत. मिस्सा मराठीत आली ती पुढे, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. पेपरातले ते दोन लॅटिन शब्द त्यांनी आठवडाभर प्रत्येक जेवणाला म्हणून दाखवले, कालवण खारट झालं तरी तेच.

मग ६ डिसेंबर आला आणि मुंबई पेटली. पप्पा तेव्हा अंधेरीला कामाला जायचे. ते विरार लोकलने परत येईपर्यंत आजी खिडकी सोडायची नाही. नाताळला चांदणी लावली, करंज्या केल्या, पण घरात कुणाचा आवाज चढत नव्हता. त्या रात्री काका उठले, म्हणाले, ‘राणीला जमतं तर आपल्याला का नाही?’ आणि वाचू लागले: ‘सन १९९२ हे वर्ष कुटुंबास अत्यंत खराब गेले असून त्याचा तपशील पुढीलप्रमाणे.’ त्या तपशिलात काय होतं यावर आज दोन मतं आहेत. आजीला हसून हसून उचकी लागली आणि साखर चाटवावी लागली, यावर मात्र एकमत आहे.

तेव्हापासून नियम ठरत गेले. अहवालात यश घ्यायचं नाही. कुणाला बढती मिळाली, कुणी नवीन गाडी घेतली, कुणाला दहावीला नव्वद टक्के पडले, हे सगळं त्याज्य. गाडी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी ती स्वतःच्याच फाटकाला घासली तर घेता येतं. ज्याचं नाव आलं त्याने उत्तर द्यायचं नाही, खुलासा पुढच्या वर्षी ‘वाचून कायम’ करताना. आणि अध्यक्ष आजी. तिने हात वर केला की विषय बंद, मग तो कितीही रंगलेला असो. हा अधिकार ती क्वचित वापरते. एकदा आत्याच्या मोडलेल्या लग्नाकडे बोलणं वळत होतं तेव्हा वापरला होता.

२०२५च्या अहवालात सगळ्यात मोठी जागा मिरच्यांनी घेतली.

वसईत मे महिना म्हणजे अगोटीची बेगमी. वर्षाचा मसाला, सुका बोंबील, पापड, सगळं पाऊस यायच्या आत. मुंबईला पाऊस साधारण ११ जूनला येतो, त्या हिशेबाने आजी उलटी मोजणी करते. यंदा तो २६ मेला येऊन ठेपला. पंचाहत्तर वर्षांत इतक्या लवकर कधी आला नव्हता म्हणे. आणि त्याआधीही आठवडाभर त्याचे दूत येऊन जात होतेच. ऐन लग्नसराई. आई, काकू, आत्या नटूनथटून वरातीला. घरात पप्पा, आजी आणि गच्चीवर चादरींवर पसरलेल्या काश्मिरी आणि बेडगी मिरच्या, शेजारी धणे, पलीकडे दोरीला बोंबील.

लग्नाच्या मांडवातून आईचा फोन आला: ‘आभाळ भरलंय, मिरच्या आत घ्या.’

पप्पांनी घेतल्या. याबद्दल त्यांचं कौतुक व्हायला हवं, असं त्यांचं अजूनही म्हणणं आहे. पण चादरीची चार टोकं धरून जिन्याने खाली आणताना एक टोक सुटलं, आणि मिरच्या गच्चीपासून दिवाणखान्यापर्यंत पायरी-पायरीवर पडत आल्या. त्या त्यांनी खराट्याने गोळा केल्या. ओलसर लागल्या म्हणून दिवाणखान्यात पसरल्या आणि पंखा पाचवर सोडला.

वाळलेल्या मिरचीचं बी किती हलकं असतं, हे ज्याने ते पंख्याखाली पाहिलं त्यालाच कळेल. आधी ते जमिनीवर नुसतं सरकतं, भिंतीकडे जातं. मग उडतं. पप्पा शिंकले, त्या शिंकेने आणखी उडालं. आजी आतल्या खोलीत रोझरी म्हणत बसलेली. ‘नमो मरिये’पर्यंत ठीक होतं, पुढे प्रत्येक मण्याला एक शिंक. कुत्रा मागच्या दाराने गेला तो रात्री जेवायलाच परतला. शेजारच्या घरातून खिडकीतून विचारणा झाली की पुन्हा करोना आला का. पप्पांनी शेवटी तोंडाला ओला टॉवेल बांधला आणि माझा केस वाळवायचा ड्रायर आणला. बोंबील दोरीवरच राहिले, ते आठवले तेव्हा त्यांना पुन्हा समुद्राची आठवण झाली होती.

अहवालात नोंद अशी: ‘दिनांक २६ मे रोजी खात्यात जमा असलेल्या मिरच्यांपैकी काही भाग वाऱ्यावर गेल्याने बुडीत खाती वर्ग करण्यात आला. जबाबदारी निश्चित. वसुली सुरू.’ वसुली अजून सुरू आहे. दिवाळीत सोफा हलवला तेव्हा मागून मूठभर बी निघालं, ते आईने कागदात बांधून पप्पांच्या ताटाजवळ ठेवलं. बिअरच्या तपकिरी बाटल्यांत दाबून भरलेला यंदाचा मसाला मात्र चवीला नेहमीपेक्षा बरा झालाय. हे यश असल्याने अहवालात घेता आलं नाही.

दुसरा विषय पोपमहाशयांचा. पोप फ्रान्सिस गेले ते २१ एप्रिलला, पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, दुसऱ्या दिवशी. आजी खरोखर रडली. पण मे उजाडला, रोममध्ये नवे पोप निवडायला कार्डिनल जमायला लागले, आणि आमच्या घरात जुगार सुरू झाला. प्रत्येकी शंभर रुपये, चिठ्ठीवर एक नाव, पैसे धाकट्या भावाकडे. आजीला मुंबईचे कार्डिनल ग्रेशस हवे होते. त्यांना २४ डिसेंबर २०२४ला ऐंशी पूर्ण झाली होती आणि ऐंशीनंतर मतदान करता येत नाही, हे कळल्यावर ती म्हणाली, ‘नाताळच्या आदल्या दिवशी जन्मायची काय घाई होती?’ मतदानाला बंदी असली तरी निवडून येता येतं, असं काकांनी नियमानुसार निदर्शनास आणून दिलं. आजीने विश्वास ठेवला नाही आणि गोव्याच्या फेराव कार्डिनलांवर पैसे लावले. पुतण्याने एका इटालियन गोलकीपरचं नाव लिहिलं होतं, तेही मोजलं गेलं.

८ मेची रात्र. टीव्हीवर सगळ्या वाहिन्यांवर सीमेवरच्या बातम्या, निवेदक ओरडतायत, घरात सगळेच धास्तावलेले. त्यात साडेनऊच्या पुढे पुतण्याच्या मोबाइलवर सिस्टीन चॅपेलचं धुराडं आणि पांढरा धूर, म्हणजे निवड झाली. एवढ्याशा पडद्याभोवती आम्ही सगळे, आवाज टीव्हीवरच्या सायरनचा. तासाभराने नाव आलं: रॉबर्ट प्रीव्होस्ट, लिओ चौदावे, जन्म शिकागोचा. कुणाच्याच चिठ्ठीत नाही. आजी म्हणाली, ‘हे कोण?’ आणि तेवढ्यात शिकागोहून ताईचा फोन वाजला: ‘आमचे! आमचे! पैसे मला पाठवा.’ तिने एक रुपया घातला नव्हता. पैशांचं काय झालं, हे भाऊ सांगत नाही. अहवालात ‘सदर निधीचा विनियोग समजून आला नाही’ एवढंच आहे, आणि पुढे कंसात आइस्क्रीमच्या दुकानाची पावती जोडलेली आहे.

नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्याचा विषय दरवर्षीच असतो. आमच्याकडे गोठ्यातली हिरवळ प्लॅस्टिकची चालत नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला परातीत माती घालून नाचणी पेरायची, नाताळपर्यंत बोटभर लव तयार होते. यंदा परात ओट्यावर उन्हाला ठेवली होती, तिचा कोंबड्यांनी दोन फेऱ्यांत फडशा पाडला. बेथलेहेम शेवटी कोथिंबिरीत उभं राहिलं. मेंढ्यांना काही फरक पडला नाही, आई मात्र रस्सा करताना गोठ्याकडे बघायची आणि हात मागे घ्यायची.

पण गोठ्याची पेटी उघडताना घरात सगळे क्षणभर आजही थांबतात, त्याला कारण आजोबा.

आजोबांना डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. त्याच सुमारास कोळंबीच्या लोणच्याची आख्खी बरणी फडताळातून नाहीशी झाली. संशय मांजरावर. त्या वर्षीच्या अहवालात मांजरावर रीतसर दोषारोप आला, ठरावाचे सूचक खुद्द आजोबा. मांजर सभेला हजर होतं, त्याने काही खुलासा केला नाही. पुढच्या पावसाळ्यात आजोबा गेले. डिसेंबर आला तसा काकांनी वही काढली, ठेवली, पुन्हा काढली. काकू म्हणाली, यंदा नको. आई म्हणाली, लोक काय म्हणतील. तसंच ठरलंही असतं.

मग पेटी उघडली. मेंढपाळ, उंट, तिन्ही राजे, सगळे ‘सुवार्ता’ मासिकाच्या जुन्या पानांत गुंडाळलेले. आणि तळाशी, देवदूताच्या शेजारी, तशाच कागदात नीट गुंडाळलेली लोणच्याची बरणी. अर्धी संपलेली, आत एक चमचा. गोठ्याची पेटी वर्षातून एकदाच उघडते, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. माळ्यावर ‘जुने पेपर बघतो’ म्हणून ते इतक्यांदा का चढायचे, तेही उलगडलं. आजीने झाकण फिरवलं, वास घेतला, म्हणाली, ‘अजून चांगलं आहे.’ आणि काकांना म्हणाली, ‘वाच.’

त्या रात्रीचा अहवाल एका ओळीचा होता: ‘मागील सभेत मांजरावर ठेवलेला ठपका मागे घेण्यात येत असून खऱ्या आरोपीस सभेपुढे उपस्थित राहण्यास कळविणे शक्य नाही.’ पप्पा उठून अंगणात गेले. आत आम्ही हसत होतो, आत्या हसता हसता रडत होती की उलट, ते कळायला मार्ग नव्हता. ते लोणचं फुग्यांबरोबर संपलं, मांजरालाही एक कोळंबी मिळाली, भरपाई म्हणून.

आजोबांचे फोटो घरात पुष्कळ आहेत. सगळ्यांत ते सूट घालून ताठ बसलेत, पन्नासाव्या लग्नवाढदिवसाच्या फोटोत तर बिशप वाटतात. त्यांतला एकही माणूस माळ्यावर चढून लोणचं खाईल असा दिसत नाही.

शिकागोची ताई म्हणजे काकांचीच लेक, आणि इथेच गंमत आहे. तिच्याकडून दर डिसेंबरला कुटुंबाचं वार्षिक पत्र येतं. तिकडची पद्धतच आहे ती: एकसारखे लाल स्वेटर घातलेला फोटो आणि खाली वर्षाचं सार. मुलगा पियानोत अमुक पायरीला, मुलगी पोहण्यात तमुक, जावईबापूंची नवीन जबाबदारी, सगळे ‘कृतज्ञ’. काका ते पत्र दोनदा वाचतात आणि घडी घालून वहीत ठेवतात. अभिमान असतोच. पण परवा म्हणाले, ‘ही शाखा फक्त नफाच दाखवते. लेखापरीक्षकाला पहिला संशय अशाच शाखेचा येतो.’

कुठेतरी वाचलेलं मी त्यांना सांगितलं. पहिलं छापील नाताळकार्ड १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल यांनी हॉर्सली नावाच्या चित्रकाराकडून काढून घेतलं होतं. त्यात एक भरलं घर पेले उंचावून बसलंय, आणि एका चिमुरडीला वाइन पाजली जातेय. दारूबंदीवाले भयंकर चिडले. काका खूश. म्हणाले, म्हणजे सुरुवात बरोबर झाली होती, पुढे लोकांनी स्वेटर घातले.

यंदा वाचनाच्या वेळी ताईला व्हिडिओवर घेतलं. आमच्याकडे रात्रीचा एक, तिच्याकडे २४ तारखेची दुपार. काकांनी सगळ्यांदेखत विचारलं, ‘परदेशस्थ सभासदांकडून काही?’ ती म्हणाली, पत्र पाठवलंय की. तेवढ्यात मागून तिचा मुलगा मोडक्या मराठीत ओरडला, ‘आजोबा, मम्माने टर्की पिशवीसकट भाजली!’ थँक्सगिव्हिंगला वीस पाहुणे, आणि पक्ष्याच्या पोटात काळीज, पेठा वगैरे घालून दिलेली प्लॅस्टिकची पिशवी तशीच आत. ताईने फोन उलटा केला, आम्हाला बराच वेळ नुसतं छत दिसलं. इकडे काका लिहीत होते. आजीला पिशवीचं काहीच वाटलं नाही, ती एवढंच विचारत राहिली की काळीज फेकलं की काय. फेकलं होतं. त्यावर अध्यक्षांनी तीव्र नापसंती नोंदवली.

शेवटचा विषय केकचा. केकचं मिश्रण घरी करायचं आणि डबे भाजायला बेकरीत द्यायचे, ही जुनी रीत. नाताळआधी भट्टीपुढे गावभरचे डबे लागतात, झाकणांवर खडूने नावं. यंदा काकूने मोबाइलवर बघून बिनसाखरेचा केक केला, खजूर आणि ओट्सचा, पप्पांच्या शुगरसाठी. आठवडाभर घरात त्याचीच चर्चा, म्हणजे काकू बोलायची आणि बाकीचे विषय बदलायचे. २३ तारखेला डबा आला. उघडला तर आत काळाभोर, रममध्ये मुरलेल्या मनुकांचा, काजू लागलेला केक. खडू पुसला गेला असावा. डबा आमच्यासारखाच, केक आमचा नव्हे.

परत करावा, असं कुणीही म्हणालं नाही. काकूसुद्धा एक तुकडा खाऊन गप्प झाली. ठराव असा आला: ‘आपला केक ज्या कुटुंबाकडे गेला असेल त्यांच्याप्रति सहवेदना व्यक्त करण्यासाठी सभा दोन मिनिटे स्तब्ध उभी राहिली.’ पप्पा सगळ्यात श्रद्धेने उभे राहिले.

नाताळच्या सकाळी शेजारीपाजारी फराळाची ताटं फिरतात. करंज्या, चकल्या, कलकल, केकचा तुकडा, वर विणलेला रुमाल. काकू आणि मी तीन घरं सोडून असलेल्या मावशींकडे ताट घेऊन निघालो, तर त्या त्यांचं ताट घेऊन वाटेतच भेटल्या. रस्त्यातच अदलाबदल झाली. मावशींनी आमचा रुमाल कोपऱ्यातून उचलला, काळ्या केककडे पाहिलं आणि अंमळ जास्तच वेळ पाहिलं. काकूने त्यांचा उचलला. खजूर आणि ओट्स.

‘छान झालेला दिसतोय,’ काकू म्हणाली. ‘काय घातलंत यंदा?’

‘बघितलं कुठेतरी, करून बघितला,’ मावशी म्हणाल्या. ‘तुमचाही सुरेख. रम आमच्याकडेही हीच आणतात.’